मलिदा महोत्सवातलं लग्न

‘पाहुणे निघाले आहेत, थोड्याच वेळात पोहोचतील,’ हे वाक्य मी माईकवरून जितक्या वेळा बोललो असेन, तितक्या वेळा बायकोला नावानं हाकही मारली नसेल. पाहुणे निघालेले नसतात. ते घरी बनियनवर बसून चहा पीत असतात. हे मला माहीत असतं, आयोजकाला माहीत असतं आणि पुढच्या रांगेत जांभया देणाऱ्यांनाही माहीत असतं. तरी मी तोंडभर हसून ते जाहीर करतो आणि सगळे माना डोलावतात. या धंद्याला सूत्रसंचालन म्हणतात.

पोटासाठी मी हायस्कुलात मराठी शिकवलं. त्याचं श्रेय अब्बांना. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेल्यावर शहागंजातल्या आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून ते आजोबांना म्हणाले होते, ‘अब कचेरी की जुबान बदल गई, तो घर की भी एक खिडकी बदलो.’ पुढं मी झालो आणि ती खिडकी म्हणून मला मराठी शाळेत घातलं. उर्दू घरात होतीच. त्यामुळं औरंगाबादेत मुशायरा असो की शिवजयंती, माईकवर शेख मास्तर. दोन्हीकडं लोक म्हणायचे, ‘तुमची भाषा लई शुद्ध.’ त्यात थोडं आश्चर्यही असायचं. ते मी मानधनात धरून चालायचो.

बाहेरच्यांना वाटतं निवेदक बोलतो. निवेदक खरं म्हणजे झाकतो. वक्ता आला नाही ते झाकायचं, आलेला पिऊन आलाय ते झाकायचं, हार कमी पडले तर ‘प्रातिनिधिक सत्कार’ म्हणायचं. एका साखरसम्राटांनी मला बजावलं होतं की नावाआधी ‘दानशूर’ हवंच. त्यांनी काय दान केलं होतं ते मी विचारलं नाही. निवेदकानं विचारायचं नसतं.

पण या लेखात मला एकाच कार्यक्रमाचं सांगायचंय. त्या दिवशी मला काहीच झाकता आलं नाही.

छावणीत एक जुना बंगला होता. तिथं एका बेने इस्रायली डॉक्टरीणबाईंनी जन्मभर दवाखाना चालवला. बेने इस्रायली म्हणजे आपल्याकडचे यहुदी. शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोकांनी त्यांना शनिवार तेली नाव दिलं. आडनावं थळकर, रोहेकर अशी, भाषा मराठी. बाई अविवाहित होत्या. जाताना बंगला ठेवून गेल्या तो एका अटीवर: इथं आमच्या समाजाचं संग्रहालय व्हावं. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष झाले भाऊसाहेब. त्यांचा प्लॉटिंगचा धंदा आणि यहुद्यांशी संबंध एवढाच की त्यांचा जन्म याच बाईंच्या हातून झाला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलीही गोष्ट मंचावर चढल्याशिवाय घडली असं त्यांना वाटायचंच नाही.

संग्रहालयात वस्तू मोजक्या होत्या. चांदीचा पेला, मेणबत्त्यांचं झाड, प्रार्थनेची वस्त्रं, एक घाणा, भरपूर फोटो. भाऊसाहेब म्हणाले, ‘मास्तर, वस्तू बघायला कोण येतं? सांस्कृतिक कार्यक्रम पाहिजेत.’

पहिला कार्यक्रम ठेवला शनिवारी. समाजाचे प्रतिनिधी म्हणून दीपप्रज्वलनाला बोलावलं मोझेस थळकरांना. मोझेसकाका तारखात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत बदली होऊन आले आणि इथंच राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रूबेन इस्रायलला. शहरात उरलेले यहुदी म्हणजे ते एकटे. त्यामुळं समाजाचा अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक, युवा प्रतिनिधी, जे हवं ते तेच. काकांनी हात जोडले. ‘शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाय.’

भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले. ‘दिवा पेटवत नाहीत? मग शनिवारी काय अंधारात बसतात का?’

मी माईकवर म्हणालो, ‘मनामनांतला दीप आज आपोआप उजळला आहे.’ टाळ्या पडल्या. हे असं झाकायचं असतं.

पुढं एकदा भाऊसाहेबांनी काकांना गळ घातली, ‘हिब्रूत दोन शब्द बोलाच.’ काका उठले, डोळे मिटून एक ओळ म्हणाले. सभागृह भारावलं. कुणीतरी अर्थ विचारला. ‘भाकरी खायच्या आधीची प्रार्थना हाय,’ काका म्हणाले. लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. सगळे उठून जेवणाकडं गेले आणि त्या दिवशीचं अध्यक्षीय भाषण कायमचं राहिलं. श्रोत्यांत काका तेव्हापासून लोकप्रिय झाले.

मंडळाची मात्र काकांबद्दल तक्रार होती. ते यहुदी वाटत नाहीत. सावळा रंग, सफारी, पायात चपला, बोलताना ‘लई’ आणि ‘व्हय’. एकदा वेरूळ बघायला निघालेला एक गोरा प्रवासी हॉटेलातून उचलून प्रमुख पाहुणा केला. त्यानं भाषणात सांगितलं की आपण कॅथलिक असून पाण्याच्या पंपांचे इंजिनिअर आहोत. भाषांतर करणाऱ्या प्राध्यापकांनी ते ‘समाजाचे थोर हितचिंतक’ असं करून टाकलं. फोटो त्याचाच छापून आला. काका त्या फोटोत होते, पण अर्धे.

मला लोक विचारायचे, ‘मास्तर, तुम्ही कसे काय यांच्या कार्यक्रमात?’ हे मी एकदा काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘डुक्कर तुम्ही खात नाय, आमी खात नाय. सुंता तुमची, सुंता आमची. भांडायला लोकांनी तिसरं कायतरी काढून द्यावं, मंग बसू निवांत भांडत.’

जिल्ह्यात आणखी एक यहुदी निघाल्या, गंगापूरला. रिबकाबाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लहान भावंडांना मार्गी लावता लावता स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. भाऊसाहेबांना तर लॉटरी लागली, समाज एकदम दुप्पट झाला.

पण ही दोन माणसं भेटली की भांडायची. मुद्दा मलिद्याचा. मलिदा म्हणजे यांचा प्रसाद: पोहे, गूळ, नारळ, वेलदोडे, वर फळं. काका म्हणायचे नारळ ओलाच पाहिजे. बाई म्हणायच्या, ‘आमच्या मराठवाड्यात सुकं खोबरंच. ओला नारळ इथं काय तुमच्या तारेनं येणार व्हय?’ भाऊसाहेब माझ्याकडं बघून कुजबुजायचे, ‘दोनच माणसं, तरी दोन गट. अगदी आपल्यासारखेच आहेत हो!’

हे भांडण काय आहे ते मला एकदा गंगापूरलाच कळलं. काकांनी मला सोबत नेलं. कारण सांगितलं, बाईंना नारळ पोचवायचेत. शहरातून जीपमध्ये गुडघ्यावर नारळांची पिशवी घेऊन हा माणूस गंगापूरला चालला होता, आणि गंगापूरच्या बाजारात नारळ मिळत नाहीत असं मला ऐकवत होता. बाईंनी दार उघडलं, पिशवीत डोकावून म्हणाल्या, ‘मी सुकंच घालणार.’ मग आम्हाला भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. काकांच्या ताटात न विचारता ठेचा कमी वाढला. काकांनी न विचारता बाईंच्या बीपीच्या गोळ्या खिशातून काढून फळीवर ठेवल्या. मी खाली मान घालून जेवलो. मी वर्गातल्या पोरांचीही प्रकरणं अशीच ओळखायचो.

परतताना काका आपणहून बोलले. ‘रूबेनला फोनवर इचारलं, लगीन करू का. म्हणाला, पप्पा, तिथले लोक काय म्हणतील? मी म्हणालो, तू राहतो तिकडं, म्हणणारे राहतात इकडं, मंग तुला काय तरास?’

‘आणि बाई?’

‘ती म्हणती, लग्नाचं वय नाय. आन् लग्नाबिगर एका घरात राहायची माझी रीत नाय. थाटामाटात लग्न केलं तर गंगापूरचं पोरसोर हसंल. म्हणजे धा दिशा बंद.’

त्यानंतर भाऊसाहेबांनी दोन दिवसांचा मोठा महोत्सव काढला. नाव ठेवलं ‘मलिदा महोत्सव’. मी सांगून पाहिलं की मराठीत मलिदा खाणं याला दुसराही एक अर्थ आहे. ते म्हणाले, ‘मास्तर, लोकांचं मन एवढं वाकडं नसतं.’ पेपरात मथळा आला: ‘संग्रहालयात मलिदा, सर्वपक्षीय नेते हजर राहणार.’ त्या दिवशी सर्वपक्षीय नेत्यांचे एकापाठोपाठ फोन आले. सगळ्यांना अचानक ताप आला होता. माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच ‘पाहुणे निघाले आहेत’ म्हणायची वेळ आली नाही.

महोत्सवाचं आकर्षण होतं ‘यहुदी विवाहसोहळा, प्रात्यक्षिकासह’. नवरा-नवरी म्हणून नाटकात काम करणारा एक मुलगा आणि एक मुलगी घेतलेली. ठाण्याहून समाजाची एक बस बोलावली होती, तीसेक माणसं. त्यांच्याबरोबर हझान आले, म्हणजे प्रार्थना चालवणारे, लग्नं लावणारे. गंभीर, पातळ दाढीचे गृहस्थ. त्यांनी सकाळीच आम्हा सगळ्यांसमोर अट घातली. ‘लग्नाचं नाटक आम्हाला चालत नाही. करायचंच तर देवाचं नाव उच्चारायचं नाही. आणि अंगठी संस्थेची ठेवा, नवऱ्याच्या मालकीची नको. आमच्यात पुरुषानं स्वतःची अंगठी बाईला दिली, तिनं राजीखुशीनं घेतली, दोन साक्षीदारांनी पाहिलं, की लग्न लागतं. मग नाटक होतं म्हणून सांगता येत नाही.’

भाऊसाहेब खो खो हसले. ‘आमची अंगठी तर पितळेची आहे महाराज!’

काका कोपऱ्यात चहा पीत होते. ते हसले नाहीत.

नेमकं कार्यक्रमाच्या वेळेला मुकुंदवाडीहून एक गृहस्थ पेपर फडकावत मंडपात शिरले. नवरी झालेल्या मुलीचे वडील. आदल्या दिवशीच्या तालमीचा फोटो छापून आला होता, खाली ओळ होती: ‘यहुदी पद्धतीने विवाहबद्ध होताना’.

‘माझ्या पोरीचं लगीन लावलं आन् मला पेपरात कळतंय व्हय?’

मी म्हणालो, ‘अहो, ते प्रात्यक्षिक आहे.’

‘प्रात्यक्षिक म्हंजी लगीन का नाय, एवढं सांगा.’

‘नाही.’

‘मग हळद कशापायी लावली?’

‘मेंदी आहे ती.’

‘मेंदी तर मेंदी. चल गं घरी.’ मुलगी पांढऱ्या साडीतच गेली. साडी संस्थेची होती, ती परत आली नाही.

सभागृह भरलेलं. भाऊसाहेबांना घाम फुटला. त्यांची नजर रिबकाबाईंवर गेली. बाई नवरीच्या केसांत गजरे माळायला आल्या होत्या, हातात गजरे तसेच राहिलेले.

‘बाई, तुम्हीच उभ्या राहा ना. लाज कसली? सगळं खोटंच तर आहे.’

‘ह्या पोराच्या बाजूला?’ बाईंनी नवऱ्या मुलाकडं बघितलं. ‘ह्याची आजी माझ्याहून तरणी असंल. मी नाय उभी राहत.’

काकांनी कप खाली ठेवला. ‘मंग मी राहतो.’

‘अस्सल!’ भाऊसाहेब ओरडले. ‘मास्तर, जाहीर करा, अस्सल यहुदी वर, अस्सल यहुदी वधू!’

बाईंनी काकांकडं बघितलं. मग आत गेल्या आणि आपलीच एक पांढरी साडी नेसून, डोक्यावर ते गजरे माळून आल्या. पांढरी साडी त्यांच्या पिशवीत कशी होती, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

मी माईकवर समजावून सांगत होतो. ‘रसिकहो, वर हा असा उंच जागी उभा राहतो. वधू येते तेव्हा तो तिच्यासाठी गाणं म्हणतो.’ काका गायले. तारखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा आवाज, कट्ट-कडकट्ट, सूर कुठंच नाही. पण पुढच्या रांगेत कुणी जांभई दिली नाही. मग मनुकांच्या सरबताचा पेला. मग नाटकातल्या मुलानं तबकातली पितळी अंगठी पुढं केली. काकांनी ती हातानं बाजूला सारली, सफारीच्या वरच्या खिशातून एक साधी चांदीची अंगठी काढली, हिब्रूत एक वाक्य म्हणाले आणि मराठीत म्हणाले, ‘ह्या माझ्या अंगठीनं तू माझी झालीस.’ बाईंनी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं.

पहिल्या रांगेत हझान उभे राहिले. ‘थांबा! अंगठी कुणाची?’

‘माझी,’ काका म्हणाले. ‘तारखात्याच्या पेन्शनीतून घेतलेली.’

‘सकाळी मी काय सांगितलं होतं?’

‘तुमी सांगितलं, तेच केलं.’

ठाण्याच्या बसमधली माणसं एकमेकांकडं बघू लागली. हझान बाईंकडं वळले. ‘बाई, तुम्हाला हे ठाऊक होतं? तुम्ही प्रात्यक्षिक समजून हात पुढं केलात की…’

‘मी नर्स हाय,’ बाई म्हणाल्या. ‘सुईत औषध हाय का नुसतं पाणी, ते मला लांबून कळतं.’

हझान खाली बसले. दाढी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, ‘लागलं ते लागलं. माझ्यासमोर घडलंय, आता मला नाही म्हणता येत नाही. उरलेले आशीर्वाद म्हणतो, त्याला दहा पुरुष लागतात, उठा. कागद मागाहून.’

आता भाऊसाहेब उठले. ‘अहो, असं कसं? संस्थेच्या मंचावर? परवानगी नाही, ठराव नाही! उद्या पेपरात येईल की आम्ही म्हाताऱ्यांची लग्नं लावतो.’ ते माझ्याजवळ आले, माईक हातानं झाकून म्हणाले, ‘मास्तर, ताबडतोब जाहीर करा, हे फक्त प्रात्यक्षिक होतं. तुमच्या तोंडून आलं की लोक मानतात.’

ते खरं होतं. मी म्हणालो असतो तर लोकांनी मानलं असतं. दोघंही म्हातारी माझ्याकडं बघत होती. काकांच्या चेहऱ्यावर विनंतीबिनंती काही नव्हती. तारेचं उत्तर येईपर्यंत माणूस जसा यंत्राकडं बघतो, तसं ते बघत होते. बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. आयुष्यभर मी जे नव्हतं ते आहे म्हणून सांगितलं होतं, त्याची मला कधी टोचणी लागली नाही. पण जे समोर घडलंय ते नाही म्हणून सांगायची ती पहिलीच फर्माईश होती.

मी भाऊसाहेबांचा हात माईकवरून बाजूला केला.

‘रसिकहो, प्रात्यक्षिक रद्द झालं आहे. आत्ता आपण पाहिलं ते लग्न होतं. श्री. मोझेस थळकर आणि सौ. रिबका थळकर यांना शुभेच्छा देऊनच जेवायला जावं. जेवणही लग्नाचंच समजावं.’

मग मागून एक बाई ओरडली, ‘नर्सबाईचं लगीन लागलं गं!’ गंगापूरहून त्यांच्या बाळंतिणी जीप करून आल्या होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकदम गलका झाला. सभागृह हसलं, हो, पण ज्या हसण्याची बाईंना भीती होती, तसं नाही. हझाननी आशीर्वाद म्हटले, रिवाजाप्रमाणं काकांनी काचेचा पेला पायाखाली फोडला. प्रसंगावधान भाऊसाहेबांकडं माझ्याहून जास्त. पाच मिनिटांत ते वधूपित्याच्या जागी उभे राहून फोटो काढून घेत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच छापून आला. काका या वेळी पूर्ण होते.

मला मात्र संग्रहालयानं पुन्हा बोलावलं नाही. ‘मास्तर मंचावर मनाचं बोलतात,’ असं भाऊसाहेबांनी सगळीकडं सांगितलं. निवेदकासाठी याहून वाईट प्रमाणपत्र नाही. माझे निम्मे कार्यक्रम गेले. आता तिथं ध्वनिमुद्रित निवेदन लावतात. दरवर्षी विवाहसोहळ्याचं प्रात्यक्षिक होतं, अस्सल म्हणून जाहिरात होते, आणि त्यात एकही यहुदी नसतो. आवाज मात्र स्वच्छ येतो म्हणे.

रिबकाबाई गंगापूर सोडून काकांच्या दोन खोल्यांत आल्या. कचेरीत नोंदणीही झाली. रूबेननं काही महिने फोन केला नाही. मग करू लागला, पण फक्त वडिलांशी बोलायचा. बाईंचा विषय निघाला की लाइन खराब व्हायची. ‘तारेच्या जमान्यात लाइन इतकी खराब नव्हती,’ काका म्हणायचे.

काही वर्षं त्यांना मिळाली. मी अधूनमधून जायचो. मलिद्यात ओलं आणि सुकं दोन्ही खोबरं पडायला लागलं होतं, आणि दोघांचंही म्हणणं होतं की त्यामुळं चव बिघडली.

काका गेले तेव्हा रूबेन आला. विमानं चुकत चुकत आला, दफन होऊन गेलं होतं. मी तिथंच होतो. त्यांच्यात मरणानंतर सात दिवस घरचे जमिनीवर बसतात. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. शेजारणी बाजूला झाल्या. रूबेन दारात उभा, पन्नाशीचा उंच माणूस, हातात बॅग. या बाईला काय म्हणून हाक मारायची हे त्याला सुचत नसावं, म्हणून त्यानं हाकच मारली नाही. नुसतं विचारलं,

‘पप्पा शेवटी काय म्हणाले?’

खोलीतल्या सगळ्यांनी कान टवकारले. मीसुद्धा. अशा वेळी माणसाच्या तोंडी मोठं काहीतरी घालायची आपली पद्धत आहे आणि माझ्या मनात दोन-तीन वाक्यं तयारही झाली होती.

बाईंनी वर बघितलं.

‘पेजेत मीठ नाय म्हणाले.’

रूबेनच्या तोंडून हसू फुटलं आणि मधेच त्याचं रडं झालं. त्यानं बॅग भिंतीशी ठेवली, बूट काढले, आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला.